दारफाळणी

आज दारफाळणी. दारं लावलीत, खिडक्याही.
चुलीत राख, घशात थेंब नाही.
रेवदंड्यात हा सण पाळणारी आता मी एकटी,
म्हणजे अगदी एकटी नव्हे:
फटीतून आलेला उजेड आहे, आणि तो,
ज्याच्यासाठी दार लावून उपयोग नाही.

नाथान हजान सांगायचे, नव्याच्या सणाला
नाव लिहिलं जातं, दारफाळणीला मोहोर बसते.
गरशोन तेव्हा नऊ वर्षांचा. मशिदीत
(सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणायचो)
सगळे छातीवर मूठ मारत असताना यानं विचारलं,
"मी मांजरेकरांच्या वाडीतला शहाळा चोरणार
हे त्याला आधीच दिसलं होतं ना?
मग उपास मी का करायचा?"
हजानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पान उलटलं.
उत्तर त्या पानावर नसावं.

उत्तर बाबांनी दिलं, घरी, आणि तेही बैलाचं.
आम्ही शनवारतेली. शुक्रवारी दिवे लागायच्या आत
बाबा घाण्याचं जू उतरवायचे,
पिवळ्याच्या डोळ्यांवरची झापडं सोडायचे.
शनवारभर बैल मोकळा. तरी तो
परसातल्या फणसाभोवती फिरत राहायचा,
तेवढाच घेर, तीच गती,
जू नाही, झापड नाही, तीळ नाहीत.
"बघ हं, आता वळेल." आणि तो वळायचा.
बाबांनी म्हटलं म्हणून नव्हे.

मग एका शनवारी तो थांबला.
मान वर केली, निवडुंगाच्या कुंपणातून वाट काढली
आणि सरळ पुळणीवर जाऊन
गुडघाभर पाण्यात उभा राहिला, भरती चढेपर्यंत.
बाबा हसले. "हे मला ठाऊक नव्हतं.
त्याला होतं." बोट वर.
"पण बैलाला कुठे सांगितलं त्यानं?"

गरशोनला पटलं नाही.
मला पटलं का, ते मी अजून ठरवते आहे.

भरतीची वेळ कोळ्याला तोंडपाठ असते,
म्हणून काही तो पाणी ढकलत नाही,
असं मी स्वतःला कितीदा समजावलं.
पण समुद्र कोळ्यानं घडवलेला नाही.
इथं माझी होडी चिखलात रुतते,
आणि मी ओहोटीभर तिच्याशेजारी बसून राहते.

रेवसच्या धक्क्यावर आम्ही चौघं होतो,
भाऊ, वहिनी, कडेवरचा एलिझर, मी.
बाबा तोवर कबरस्थानात.
देवीची लस टोचलेले चार दंड,
एक ट्रंक, तिच्यात खलबत्तासुद्धा.
लाँचला लावलेल्या फळीवर मी उजवा पाय ठेवला.
फळी ओली होती.
पाय मागे घेतला.
कारण विचारू नका. पेंडीचा वास आला असेल,
किंवा काहीच नसेल.
त्या मागे घेतलेल्या पायाची नोंद
पहिल्या उजेडाच्याही आधी झाली होती का?
असेल झाली.
पोटरीत आलेला गोळा मात्र माझा होता.

लाँच सुटली तसा गरशोन ओरडला, "येतो गं!"
आपल्यात जाणारा असंच म्हणतो. जातो म्हणू नये.
तो आला नाही.
त्या शब्दात येणं किती होतं, जाणं किती,
हे त्याचं त्यालाही उमगलं नसेल.
ज्याला उमगलं होतं, त्यानं
तो शब्द त्याच्या तोंडातून काढून घेतला नाही.
तेवढी फट त्यानं ठेवली असावी,
उंबरा आणि दार यांच्यात असते तेवढी.

फटीतला उजेड आता हळदीसारखा झाला,
थोड्या वेळात तोही नाही.
तारे दिसले की दार उघडायचं.
उद्या शिळा सण, मोतीरामच्या पोरांना
पुऱ्या द्यायच्या आहेत, पीठ भिजवायला हवं.
कडीवर हात ठेवलाय.
मी कधी उघडणार, तो जाणतो.
मी जाणत नाही.
जरा थांबते.
त्यालाही थांबू दे.